तीन तुटक्या दोरांची बाज

मी एक जुनी बाज आहे. हसू नका मित्रांनो. तुमच्या घरी आता फोमच्या गाद्या आणि दिवाण आले, त्यामुळे बाज म्हणजे काय हे तुमच्यातल्या कित्येकांना ठाऊकही नसेल. चार पाय, चार दांडे आणि मधे सुंभाची वीण, एवढाच माझा संसार. दिवाणासारखी मी एका जागी ठाण मांडून बसत नाही. सकाळी अंगणात, दुपारी चिंचेखाली, पाऊस आला की पडवीत, असा माझा मुक्काम सारखा हलत असतो. दोघांनी सहज उचलावं इतकी मी हलकी आहे. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

माझा जन्म पिंपरी पेंढारच्या शिवारातला, नव्वद-एक्क्याण्णव सालचा. गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडे सावळारामचा मळा आहे. त्याच्या बांधावरची बाभूळ वाऱ्याने आडवी झाली, तेव्हा तिची ढलपी ढलपी चुलीत जाणार होती. पण चिमाजी सुताराने खोडावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, "सावळाराम, ही जळाया न्हाई, बसाया हाय." त्याने माझे पाय घडवले, पायांना भोकं पाडून त्यात दांडे ठोकले. लोखंडाचा एक खिळा माझ्या अंगात नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

सुंभ मात्र सावळारामने स्वतः वळला. अंबाडी भिजवून, बडवून, मांडीवर पीळ देत देत तो संध्याकाळी ओट्यावर बसायचा आणि त्याची बायको सरूबाई दुसरं टोक धरायची. "अगं वढ ना जरा, चांगला पीळ बसू दे," असं तो म्हणायचा. ती म्हणायची, "तुमच्यात हाय तेवढा पुरं की." ते खरंच होतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, तसा हा माणूस. एकदा नाही म्हणाला की नाही.

आता सावळारामची एक खासियत सांगते. तो पायाळू होता. म्हणजे जन्मताना त्याचं डोकं आधी न येता पाय आधी आले. आमच्याकडे अशा माणसाचा मोठा मान. कुणाच्या पाठीत उसण भरली, बरगडीत चमक निघाली, की त्याने पायाळूकडे यायचं. पायाळूने दुखऱ्या जागेवर पाय फिरवायचा आणि शेवटी हलकीशी लाथ मारायची. उसण गेलीच समजा. निदान लोक तसं समजतात. खोडदपासून लोक यायचे. माझ्यावर पालथे पडायचे, सावळाराम धोतर सावरून डावा पाय उचलायचा आणि विचारायचा, "हितं का?" माणूस कण्हत म्हणायचा, "जरा खाली." त्याचा तो रुबाब पाहण्यासारखा असे. पायाळूवर वीज पडते असंही लोक मानतात, म्हणून ढग गडगडले की हा एवढा मोठा वैद्य सगळ्यांच्या आधी घरात पळायचा आणि सरूबाई तोंडाला पदर लावून हसायची.

मित्रांनो, माणूस माझ्यावर निजला की त्याच्या छातीचा ठोका सुंभातून माझ्या दांड्यांपर्यंत येतो. कुणी सांगितल्याशिवाय मला कळतं की कोण निजलंय. सावळारामची सून रुपाली पहिल्या बाळंतपणात माझ्यावरच होती. खाली शेगडी, वर ती आणि तिची इवलीशी समृद्धी. त्या पोरीचा ठोका तर चिमणीसारखा भुर्रकन जायचा. सावळारामचा ठोका मात्र जड, संथ आणि भरवशाचा. दुपारी जेवून तो आडवा झाला की मलाही डुलकी लागायची.

माझ्या कामाचं कौतुक फार झालं. पाहुणे आले की आधी मला पुढे करायचे. फक्त एकच गोष्ट मला आवडत नसे. काम झालं की पोरं मला भिंतीला उभी करायची, आणि सरूबाई तिकडून ओरडायची, "आरं आडवी टाका ती. उभी बाज अन् उलटी बाज, दोनी वाईट." आमच्याकडे बाजेचे फार विधिनिषेध आहेत. बाज उलटी ठेवायची नाही. उत्तरेला डोकं करून निजायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे बाजेवर जीव जाऊ द्यायचा नाही. माणूस शेवटच्या घटका मोजू लागला की त्याला उचलून जमिनीवर घोंगडीवर ठेवायचं, तोंडात पाणी आणि तुळशीचं पान द्यायचं. याला म्हणतात खाली घेणं. त्याचं डोकं मातीजवळ असावं, ही त्यामागची भावना. भावना वाईट नाही. पण खाली घेतलं की लोकांचे हातही खाली जातात. मग कुणी काही करत नाही, सगळे नुसते बसतात.

आता माझ्या एका दुखण्याचं सांगते. सावळाराम बिडी ओढायचा. निजल्या निजल्या ओढायचा आणि झोप लागली की बिडी बोटांतून निसटायची. एकदा ठिणगी माझ्या सुंभावर पडली आणि मधला एक दोर जळून तुटला. कुणाला कळलं नाही, कारण शेजारच्या दोरांनी त्याचा भार आपल्यावर घेतला. मी पहिल्यासारखीच दिसत होते. पुढे कधीतरी दुसरा झिजून तुटला. तोही भार बाकीच्यांनी वाटून घेतला. मी कुरकुरायला लागले होते. उठता-बसता करकर आवाज यायचा. सरूबाई म्हणायची, "बाज बगा एकदा." सावळाराम म्हणायचा, "काय व्हतंय तिला? नुसती वाजती." मग एक दिवस पाहुण्यांसमोर चहाचा कप हातात घेऊन तो ऐटीत बसला, तिसरा दोर तुटला आणि तो बुडासकट माझ्यातून खाली गेला. गुडघे वर, चहा अंगावर. शेजारच्या बांधावरचा कुशाबा पोट धरून हसला. कुशाबा म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा सोबती, वयाने चार वर्षांनी मोठा.

सावळारामने मग मला दुरुस्त केलं. घरात नवा सुंभ नव्हता. त्याने माझ्या पायथ्याशी ताण द्यायला गुंडाळलेला जास्तीचा दोर सोडला, त्याचे तुकडे केले आणि जिथे जिथे तुटलं होतं तिथे अलीकडच्या चांगल्या जागेपासून पलीकडच्या चांगल्या जागेपर्यंत बांधून टाकले. तुटकी टोकं तशीच राहिली, पण भार नव्या वाटेने जाऊ लागला. पायथा जरा सैल झाला खरा, पण छातीपाशी मी पुन्हा घट्ट झाले. सरूबाई म्हणाली, "पायाचं काढून छातीला लावलं." तेव्हा आम्हां कुणालाच ठाऊक नव्हतं, की हेच वाक्य या घरात पुन्हा ऐकायला मिळणार आहे.

दोन हजार एक सालची गोष्ट. त्या वर्षी सावळाराम पन्नाशी ओलांडून बराच पुढे गेला होता. मला त्याच्यातला फरक आधी कळला. तो निजताना उशाला दोन वाकळी घेऊ लागला. ओढ्याची चढण चढून आला की माझ्यावर बसून बराच वेळ धापा टाकायचा. ठोका धावत सुटायचा, मधेच अडखळायचा, मग पुन्हा धावायचा. सरूबाई विचारायची तेव्हा उत्तर ठरलेलं, "पित्त झालंय." मग लिंबू-सोडा. एकदा म्हणाला, "टमाट्याची क्रेटं उचलून उसण भरलीय." अंगात पित्त आणि पाठीत उसण, या दोहोंपलीकडे त्याच्या मते माणसाला तिसरं दुखणंच नव्हतं. मी करकरत होते. पण बाजेचं करकरणं कोण ऐकतं?

मग एके सकाळी टोमॅटोचा तोडा होता. टोमॅटोने भरलेली क्रेटं ओढ्यापलीकडच्या सडकेवर नेऊन ठेवायची होती, कारण ओढ्यावर पूल नाही आणि गाडी मळ्यात येत नाही. तिथे दादाभाऊची पिकअप उभी राहायची आणि माल नारायणगावच्या बाजारात जायचा. सावळाराम क्रेट खांद्यावर घेऊन निघाला आणि अर्ध्या वाटेतून परत आला. क्रेट कुठे ठेवलं ते त्यालाही आठवेना. माझ्यावर बसला तेव्हा त्याचा सदरा भिजून पाठीला चिकटला होता. थंडीचे दिवस होते, मित्रांनो.

"लई भरलीय," तो म्हणाला. "छातीवर कुनी उभं ऱ्हायल्यावानी वाटतंय. हितनं हातात चाललंय, जबडाबी धरलाय."

मुलगा भरत म्हणाला, "आण्णा, दवाखान्यात जाऊ."

"उसणंला कवा कुनी दवाखान्यात गेलंय का? मी पायाळू, अन् मीच सुई टोचून घ्यायला जाऊ? लोक हसतील मला. धोंडाबाईला बोलीव."

धोंडाबाई ही पलीकडच्या वस्तीवरची दुसरी पायाळू. पायाळूला स्वतःच्या पाठीवर पाय ठेवता येत नाही, एवढीच त्याची अडचण होती. भरत बापापुढे बोलणारा नव्हता. तो धोंडाबाईला आणायला पळाला आणि मला सुंभासुंभातून कळत होतं, की वेळ चालली आहे. तो जड, भरवशाचा ठोका आता एखाद्या अडलेल्या जनावरासारखा तडफडत होता. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

धोंडाबाई आली. सावळाराम पालथा झाला. तिने पाय उचलला, त्याच्या पाठीला लावला आणि तसाच मागे घेतला.

"अगं बाई, ह्ये तर बरफावानी गार पडलंय," ती म्हणाली. "म्या न्हाई लाथ मारायची. ही उसण न्हाई. उसणंला आसा घाम येत न्हाई."

तेवढ्यात सावळाराम कुशीवर वळला आणि त्याने मान टाकली. डोळे वर गेले. सरूबाईने हाक मारली, त्याने ओ दिली नाही. रुपाली समृद्धीला पोटाशी धरून रडू लागली.

तोडा करणारे सगळे धावत आले होते. त्यांच्यात कुशाबा होता. तो पुढे झाला आणि त्याने सावळारामच्या डोक्याखाली हात घातला. "धरा रं," तो म्हणाला. "खाली घ्या त्याला. बाजंवर नगं."

कुशाबाला वाईट म्हणू नका. त्याचा भाऊ बहिरू काही वर्षांपूर्वी असाच सकाळी गेला होता, आणि तो बाजेवरच गेला होता. खाली घ्यायला कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढे कितीतरी दिवस लोक कुजबुजत होते, की त्याचा जीव अडकला. कुशाबाच्या मनाला ते लागून राहिलं होतं. आपल्या सोबत्याचं तसं होऊ नये, एवढंच त्याला वाटत होतं. तो रडत रडतच त्याला खाली घेत होता.

आणि त्यांनी सावळारामला माझ्यावरून उचललं. जमिनीवर घोंगडी टाकून तिच्यावर ठेवलं. मी रिकामी झाले. माझं आयुष्य माणसांचा भार सोसण्यात गेलं, पण त्या क्षणी अंगावर भार नव्हता, तो मला सोसवेना. कुणीतरी तुळशीकडे गेलं.

तेव्हा सरूबाई उठली. तिने नवऱ्याच्या नाकापुढे हात धरला. मग ती वळली आणि तिने कुणाचं नाव न घेता सगळ्यांना विचारलं, "खाली घेतल्याला मानूस परत उठल्याला कुनी बगितलाय का?"

तुळशीकडे गेलेला माणूस अर्ध्या वाटेतून परत फिरला.

"श्वास चाललाय त्यांचा. वर घ्या. बाजंसकट उचला अन् सडकंला चला."

"वैनी," कुशाबा म्हणाला, "जित्या मानसाला चौघांच्या खांद्यावर न्यायचं? अपशकुन करायचा का हातानं?"

"तर मंग खांद्यावर नका घेऊ, हातानं धरा. पर उचला, कुशाभाऊ. तुमाला तुमच्या भावाची आन हाय."

त्या बाईपुढे कुशाबाचं काही चाललं नाही. सावळारामला पुन्हा माझ्यावर ठेवलं. चार कोपऱ्यांना चौघे लागले. भरत, कुशाबा आणि दोन तोडेकरी. मी उचलली गेले. घाईत पाय पुढे आणि डोकं मागे असं झालं होतं. सरूबाई आडवी उभी राहिली.

"फिरवा. डोस्कं फुडं करा त्यांचं."

तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. घरातून मढं नेतात ते पाय पुढे करून. जिवंत माणसाचं डोकं पुढे. चौघे जागच्या जागी फिरले. जो माणूस या जगात पायांनी आला होता, तो त्या सकाळी अंगणातून डोक्याकडून बाहेर पडला.

ओढ्यापर्यंत त्यांनी मला हातांवर नेलं. ओढ्याला पाणी होतं, मांडीच्या वर. मला हातांवर धरून न्यावं तर सावळाराम भिजला असता. चौघे काठावर थबकले. मागून सरूबाई काही म्हणणार, तेवढ्यात कुशाबानेच गुडघे वाकवले, माझा दांडा वर घेतला आणि आपल्या खांद्यावर ठेवला. मग बाकीच्या तिघांनीही खांदा दिला. पाण्यातून जाताना कुशाबाने दांडा दोन्ही हातांनी खांद्याशी दाबून धरला.

पलीकडे दादाभाऊ पिकअपमध्ये क्रेटं रचत होता. त्याने आम्हांला पाहिलं आणि विचारण्यात वेळ घालवला नाही. भरलेली क्रेटं त्याने दोन्ही हातांनी सडकेवर फेकली. टोमॅटो घरंगळत ओढ्यात गेले. मला तशीच मागच्या हौद्यात चढवलं आणि गाडी सुटली. आळेफाट्यापर्यंत सरूबाई नवऱ्याचं नाव घेऊन हाका मारत होती. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्या दिवशी तिने ते आयुष्यभराचं घेऊन टाकलं.

नारायणगावच्या दवाखान्यात मला दारात उतरवलं आणि सावळारामला आत नेलं. तिथून पुढचं मी पाहिलं नाही. घरी लोक बोलत होते, त्यातून ऐकलं तेवढं सांगते. डॉक्टरांनी छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली. हार्ट अटॅक होता. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, वेळेत आणलंत. अजून थोडा वेळ उसण काढत बसला असतात, तर इंजेक्शनचा उपयोग झाला नसता. मग त्याला पुण्याला हलवलं. मी टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटांबरोबर घरी परत आले.

कितीतरी दिवस मी अंगणात तशीच होते. माझ्यावर कुणी बसत नव्हतं, कुणी मला उभीही करत नव्हतं. समृद्धी येऊन माझा पाय हलवायची आणि विचारायची, "आबा कुठं?" रुपाली तिला उचलून आत न्यायची. मला वाटायचं, तो गेला असला तर मला कुणी सांगायला येणार नाही.

मग एके दिवशी भरत कपडे न्यायला आला आणि अंगणात जमलेल्या लोकांना त्याने सगळं सांगितलं. पुण्याच्या डॉक्टरांनी शिरांमध्ये औषध सोडून फोटो काढले होते. काळजाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य शिरा तीन. सावळारामची त्यातली एक पुरती बंद होती आणि दोन जवळजवळ बंद. तिन्ही एकाच वेळी.

कुशाबाने विचारलं, "पर काळीज तर रगतानं भरल्यालंच आसतं. त्याला रगत कमी कसं पडंल?"

"मीबी तेच विचारलं," भरत म्हणाला. "डॉक्टर म्हनलं, तुमची विहीर भरल्याली आसली तरी काठावरचं झाड वाळतंच की. त्याला पाटानंच पानी द्यावं लागतं. काळजाचंबी तसंच हाय. ते साऱ्या अंगाला रगत देतं, पर त्याचं त्याला रगत वरच्या बारीक शिरांतनंच मिळतं. त्या चोकप झाल्या."

"मंग इतके दिस हिंडत कसा व्हता त्यो? क्रेटं उचलत व्हता की."

भरतला याचं उत्तर नीट देता येईना. मला देता आलं असतं. एक दोर तुटला तर शेजारचे भार घेतात. दुसरा तुटला तरी घेतात. वरून काही दिसत नाही, नुसती करकर ऐकू येते. तिसऱ्याच्या वेळी माणूस खाली जातो.

"मंग आता कसं रं?" धोंडाबाईने विचारलं.

"ऑपरेशन झालं. बायपास. छाती उघडली अन् पायातली शीर काढून हितं बशिवली. बंद पडलेल्या जागा तशाच ठिवल्या, रगताला भाईरनं नवी वाट करून दिली."

कुशाबा माझ्याकडे पाहायला लागला. माझ्या त्या गाठी मारलेल्या दोरांवरून त्याने हात फिरवला आणि म्हणाला, "पायाचं काढून छातीला लावलं." आणि तो माझ्यावर बसून लहान मुलासारखा रडला.

सावळाराम परत आला तो अर्धा होऊन. छातीवर उभी शिवण, पायावर उभी शिवण. सरूबाईने बिडीचं बंडल चुलीत टाकलं आणि त्याने ब्र काढला नाही. तेवढा पीळ मात्र त्या दिवशी जळला. त्याला वजन उचलायची बंदी झाली, सकाळ-संध्याकाळ गोळ्या सुरू झाल्या. आणि घरात नवा दिवाण आला. डॉक्टरांनी सपाट जागेवर झोपा म्हणून सांगितलं होतं म्हणे. मला मळ्याच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. माझ्यावर कांदे वाळले, मिरच्या वाळल्या, कोंबड्यांनी अंडी घातली. एका पायाला भुंगा लागला. सुंभ सैल पडला. मित्रांनो, मला वाईट वाटलं. ज्या बाजेने माणूस वाचवला तिच्यावर कोंबड्या! पण दिवाण उचलून ओढा ओलांडता येत नाही, एवढं मी मनाशी म्हणत असे.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मोबाइल आले, ओढ्यावर पूल काही आला नाही. सावळाराम आता रोज फिरायला जायचा आणि परतताना शेडच्या दारात टेकायचा. उसण काढून घ्यायला लोक अजून येत होते. पण त्याची रीत बदलली होती. पाय उचलण्याआधी तो विचारायचा, "घाम येतो का? हातात कळ जाती का? चाललं की वाढतं का?" यातल्या एकालाही हो म्हटलं की त्याचा पाय खालीच राहायचा. काही लोक रागवायचे. पायाळू मोठा डॉक्टर झालाय म्हणायचे.

आणि एका दुपारी कुशाबा आला. खांदा दाबत, वाकून चालत. शेडच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सावळा, पाय लाव रं. पाठीत लई भरलीय."

सावळारामने सवयीने धोतर सावरलं. डावा पाय उचलला. मग त्याने सोबत्याच्या कपाळाकडे पाहिलं. कपाळावर घाम होता. पाय हळूहळू खाली आला.

"कुशाबा, ही उसण न्हाई."

"तुला काय म्हाईत? जनमभर साऱ्या शिवाराच्या पाठीवर पाय ठिवलास अन् माझ्याच पाठीचा इटाळ झाला का तुला?" कुशाबा दुखण्याने आणि रागाने लाल झाला होता. "एक लाथ मार. मी जातो."

"न्हाई मारायचो. तू काय बी म्हन."

एवढं बोलून सावळाराम माझ्याकडे वळला. मिरच्या त्याने जमिनीवर लोटल्या. कोंबडी ओरडत उडाली. त्याने माझ्या पायथ्याचा सैल दोर धरला आणि ताणायला लागला. "अवं, तुमाला वढायची बंदी हाय!" म्हणून सरूबाई धावत आली आणि तिने त्याच्या हातातून दोर हिसकून घेतला. एक टोक तिने पायाने दाबलं, दुसरं ओढलं. सुंभ वळायचा त्या दिवसांसारखा. मी ताठ झाले. माझं सारं म्हातारं अंग करकरलं, पण मी धरलं.

भरतने दादाभाऊला मोबाइल लावला. कुशाबाला माझ्यावर निजवलं. उचलायला भरत आणि वाटेवरून हाक मारून आणलेले दोन गडी, तिघेच होते. सावळाराम चौथ्या कोपऱ्याशी गेला तर सरूबाईने त्याला हाताने मागे सारलं आणि स्वतः तो कोपरा धरला. आमच्याकडे बायका खांदा देत नाहीत. पण हा खांदा जिवंताचा होता, त्याला कुठला नियम?

सावळाराम शेजारून चालत होता, कुशाबाचा हात हातात घेऊन. आम्ही ओढ्याशी आलो. पाणी फार नव्हतं, तरी सरूबाईने दांडा खांद्यावर घेतला. कुशाबाने डोळे उघडले. त्याला आभाळ दिसलं असेल आणि आभाळाच्या कडेला चार डोकी.

"वैनी," तो बारीक आवाजात म्हणाला, "डोस्कं फुडं हाय ना माझं?"

"हाय, कुशाभाऊ. फुडंच हाय."

"मंग चला," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. त्याचा ठोका मला लागत होता. घाबरलेला होता, पण चालत होता.

कुशाबाची एकच शीर अडली होती. ती पुण्यात फुगा घालून उघडली. छाती उघडायची वेळ आली नाही, कारण तो उसण काढत बसला नाही. म्हणजे बसणार होता, पण सावळारामने बसू दिलं नाही. आता दोघे म्हातारे संध्याकाळी चिंचेखाली माझ्यावर बसतात आणि कुणाच्या गोळ्या जास्त यावरून भांडतात. होय, मला शेडमधून परत आणलं. भुंगा लागलेला पाय चिमाजीच्या मुलाने बदलून दिला. ते तीन जोडलेले दोर मात्र सावळारामने बदलू दिले नाहीत.

मित्रांनो, मी लाकडाची आणि सुंभाची. मला शहाणपण शिकवायचा अधिकार नाही. पण माणसं माझ्यावर निजतात, म्हणून सांगते. तुमच्या घरातलं कुणी चढणीवर थांबायला लागलं, छातीवर हात ठेवायला लागलं आणि पित्त-पित्त म्हणायला लागलं, तर ती करकर ऐका. घाम फुटला, हात-जबडा दुखू लागला, तर कुणाची वाट बघू नका, कोण काय म्हणेल ते मनात आणू नका, आणि खाली तर मुळीच घेऊ नका. बाज असेल तर बाज, नसेल तर घोंगडी, नसेल तर तुमचे हात. उचला आणि निघा. नेताना डोकं पुढे ठेवा.